उघडे ठेवलेले दोन गाळे

पहिल्याच भेटीत मामांनी माझ्या तळहातावर विष्ठा ठेवली.

"वास घ्या सायेब," ते म्हणाले. "भ्या नगा. माशाचाच वास हाय."

मी नुकताच नोकरीला लागलेला ओव्हरसिअर होतो. इस्त्रीची पँट, खिशाला नवं पेन, आणि आता हातावर हा काळपट, ओलसर गोळा. त्यात माशाचे खवले चमकत होते आणि खेकड्याच्या नांगीचा एक तुकडा होता. मी वास घेतला. तुम्हीही घेतला असता. देवळातला अंगारा द्यावा इतक्या अदबीनं ते ती वस्तू पुढं करायचे, आणि नाही म्हणायला समोरच्याला जागाच उरायची नाही.

"पानमांजराची हाय. ताजी. आज सकाळी पावणं येऊन गेलं," ते म्हणाले, आणि मी हात कुठं पुसावा या विचारात असताना त्यांनी माझं डोकं खाली दाबून दगडावरची ओली पावलं दाखवली. पाच बोटं आणि बोटांच्या मधली कातडी, चिखलात स्वच्छ उठलेली.

ही चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. आमचं ऑफिस शाहूपुरीत होतं आणि माझ्याकडं कासारी नदीवरचा एक बंधारा सोपवला होता. मामा त्या बंधाऱ्यावरचे चौकीदार. त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. हजेरीच्या मस्टरवर त्यांचं नाव होतं, दर महिन्याला मी ते लिहीत होतो, पण ते इथं लिहायचा मला हक्क राहिलेला नाही असं वाटतं. का, ते पुढं येईलच.

आमच्याकडचे बंधारे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. नदीच्या पात्रात ओळीनं दगडी खांब असतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. पावसाळ्यात सगळे गाळे उघडे, पूर येतो आणि निघून जातो. पाऊस संपला की खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवायच्या, दोन ओळींत, आणि मध्ये माती ठासायची. या फळ्या म्हणजे बर्गे. सगळे बर्गे बसले की पाणी पुरुषभर चढतं, वरच्या अंगाला मैलभर तुंबतं, आणि काठावरची, उसाला पाणी उपसणारी इंजिनं सुरू होतात. एखादा गाळा उघडा राहिला तर पाणी चढत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं कळेल.

मामा जातीनं भोई. बुटके, मानेनं जाड, मिशा दोन्ही बाजूंना ताठ. गावात कुणीतरी म्हणायचं की पाणमांजरं बघून बघून ह्याचं तोंड तसलंच झालंय. मामांना हे कळलं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. "त्येंच्या मिशा लई कामाच्या असत्यात," ते मला म्हणाले. "गढूळ पान्यात डोळ्याचा काय उपेग? मासा हालला की मिशीला कळतंय. आपल्या मिशीला काय कळतंय सांगा. च्या गरम हाय का गार, येवढंच."

त्यांचं सगळं बोलणं असं होतं. पाणमांजराचं काही सांगायला लागले की शेवटी माणसावर घसरायचे आणि माणसाला नापास करून मोकळे व्हायचे.

माझ्या रेनकोटाचीही त्यांनी एकदा अशीच परीक्षा घेतली. शाहूपुरीतल्या दुकानातून मी तो हौसेनं घेतला होता. जुलैच्या पावसात बंधाऱ्यावर पोचेपर्यंत मी आतून चिंब. मामांनी रेनकोट उलटापालटा करून पाहिला. "पानमांजराच्या अंगावर दोन थरांची केसं असत्यात सायेब. वरची लांब, भिजत्यात. आतली बारीक, गच्च. कातडीला पानी लागत न्हाय. भाईर आलं, अंग झाडलं, वाळूत दोन लोळण्या घेतल्या की झालं कोरडं. हे कोट शिवनाऱ्यानं एकदा हितं येऊन बसाय पायजे."

कान आणि नाकपुड्या पाण्यात कशा मिटतात हे ते स्वतःचं नाक दाबून दाखवायचे. शेपटीबद्दल मी एकदा चुकून "मांजरासारखी" म्हणालो तर रागावले. "मांजराची शेपूट शोभंची असतीया. ही बुडाला मनगटायेवढी जाड, फुडं चपटी. वल्हं हाय ते, वल्हं." जमिनीवर ती कशी पाठ उचलून उड्या मारत चालतात, हेही त्यांनी बंधाऱ्यावरून चालून दाखवलं होतं. पन्नाशीचा माणूस कंबरेत वाकून, कुल्ले वर करून दुडक्या चालीनं येतोय, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. मामांना त्याचं काही नव्हतं. टोकाला पोचल्यावर ते उभे राहिले, दोन्ही हात पोटाशी धरले आणि मान उंच करून इकडंतिकडं पाहिलं. "आसं उभं ऱ्हातंय. कोन आलंय बगाय."

गावातल्या भोयांचं आणि पाणमांजरांचं वैर होतं. जाळ्यातला मासा काढताना ती जाळंच फाडायची. एक दिवस मामांचा चुलतभाऊ फाटकं जाळं घेऊन आला आणि चौकीसमोर टाकून त्यानं पाणमांजरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुज्या सैपाकघरात कुनी जाळं बांधलं तर तू काय करशील?" भाऊ म्हणाला, "त्येचं तंगडं मोडीन." "मग त्येनी नुसतं जाळंच फाडलंय की," मामा म्हणाले, आणि दुपारभर बसून त्यांनी ते जाळं स्वतः विणून दिलं.

पहिल्या हिवाळ्यात, बर्गे बसायच्या आधी, त्यांनी मला पाणमांजरांचं बीळ दाखवलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, काठावरच्या करंजाच्या मुळ्यांमध्ये. पाण्याच्या पातळीजवळ तोंड, आत चढत गेलेला बोळ आणि मग कोरडी जागा. आम्ही पलीकडच्या काठावर झुडपात बसलो होतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि मी थोडा जरी हाललो की मामा माझा गुडघा दाबायचे.

आधी शिट्टी ऐकू आली. बारीक, पोरानं चुकून वाजवावी तशी. मग नर वर आला, त्याच्या मागून अर्धवट वाढलेली दोन पिल्लं, ती मागच्या वर्षीची. तिघं अर्धगोल करून पोहायला लागली आणि मासे उथळात रेटत आणले. मोठ्यानं एक पकडला, दगडावर आला, दोन्ही हातांत धरला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. कडाकडा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

मग आई बाहेर आली. तोंडात पिल्लू, मानगुटीला धरलेलं. तिनं ते सरळ पाण्यात सोडलं. पिल्लानं एकच आकांत केला. ते बुडालं, वर आलं, काठाकडं धडपडलं, आणि आईनं त्याला परत ओढून आत नेलं.

"बुडवतेय की काय त्याला?" मी विचारलं.

"शिकीवतीया," मामा म्हणाले. "पानमांजराच्या पोराला पवाय येत न्हाय सायेब. लोकास्नी वाटतंय, जन्मल्या जन्मल्या येतंय. दोन म्हैनं पान्याला भेतंय त्ये. डोळं उघडाय म्हैना लागतोय, आनि तोवर पान्यात पडलं तर दगडागत खाली."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. आमचं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि माझ्याकडं तिला सांगण्यासारखं काही असायचं ते बहुतेक मामांचंच असायचं. ती विचारायची, "आज काय म्हणाले तुमचे मामा?" मला वाटतं, माझ्या नोकरीतलं ते एकच वर्ष असं आहे की ज्याबद्दल मी कुणाला कधी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस लवकर उघडला. नदी झपाट्यानं उतरली आणि बर्गे ताबडतोब घाला असा हुकूम आला. इतर वर्षी या कामाला नोव्हेंबरचा शेवट उजाडायचा, तो आता तीन-चार आठवडे अलीकडं आला. मी बंधाऱ्यावर गेलो तर मामांनी माणसं जमवून काम सुरूही केलं होतं. सहा गाळे बसले होते. मी पोचल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सायेब, करंजात चार पोरं हायत. अजून डोळं बी उघडल्यालं न्हाईत. सगळं गाळं बसीवलं तर पानी बिळात जातंय. शेवटचं दोन ऱ्हाऊ देत. पंधरा दिस. तवर ती आई त्यास्नी भाईर काढती, न्हायतर वर कुठंतरी न्हेती."

मी विचार करायला वेळ घेतला असता तर बरं झालं असतं. पण मी लगेच म्हणालो, "ठेवा उघडे. मी आहे."

मी आहे. हे दोन शब्द मी किती ऐटीत उच्चारले होते ते मला आजही ऐकू येतं. मामांना ते पुरले. त्यांनी माणसांना घरी पाठवलं आणि मला चहा करून दिला. मामांची त्या बंधाऱ्यावर रोजंदारीची सात वर्षं झाली होती आणि येत्या मार्चमध्ये ते कायम होणार होते. मला हे माहीत होतं. त्यांचा कागद मीच वर पाठवला होता.

नवव्या दिवशी जीप आली. आमचे मोठे साहेब आणि सोबत वरच्या अंगाचे तीन बागायतदार. त्यांच्या इंजिनांचे पाइप उघडे पडले होते आणि ऊस वाळायला लागला होता. त्यांची तक्रार खरी होती, हे मला मान्य करायला हवं.

साहेब बंधाऱ्यावर चालत गेले, दोन उघड्या गाळ्यांतून जाणारं पाणी बघितलं आणि विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी वगैरे काही नव्हती. मोठ्या साहेबांनी विचारलंय तर उत्तर आपल्या साहेबांनी, म्हणजे मी, द्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब. ते हात मागं बांधून माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी म्हणालो, "मी बंद करायला सांगितलं होतं, सर."

माझी नोकरी अजून कच्ची होती. घरी बायकोला पाचवा महिना होता. ही दोन्ही कारणं खरी आहेत, पण मी ती त्या वेळी मनात आणली होती असंही नाही. ती मी नंतर शोधली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो, आणि घाबरल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते असं निघालं.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"ऐकत नाहीत ही माणसं," साहेब म्हणाले. "आजच्या आज गाळे बसवा. आणि ह्याचा जबाब घेऊन संध्याकाळपर्यंत पाठवा."

जबाब मी चौकीत बसून लिहिला, मध्ये कार्बन घालून. ती भाषा ठरलेली असते, हात आपोआप चालतो. 'मी लिहून देतो की, वरिष्ठांचा हुकूम असताना गाळा नंबर सात व आठ मी माझ्या मर्जीने उघडे ठेवले. सदर बाब मी ओव्हरसिअर साहेबांच्या कानावर घातलेली नव्हती. कामात हयगय झाली हे मला मान्य आहे.' खाली लिहिलं, 'जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.' हेही ठरलेलं असतं. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याला जबाब वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, असा नियम आहे.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं. नको म्हणावं, अशाच सुरात विचारलं.

"वाचायचं काय त्यात," मामा म्हणाले. "तुमी लिवलंय न्हवं? बरंच लिवलं आसंल."

शाईच्या पॅडवर त्यांनी अंगठा दाबला आणि दोन्ही कागदांवर उठवला. मग म्हणाले, "ह्यातला येक मला ऱ्हाऊ दे की. तुमच्या हातचा हाय." कार्बनची प्रत मी त्यांना दिली. न देण्यासाठी काय कारण सांगावं ते मला सुचलं नाही.

शेवटचे दोन गाळे मामांनीच बसवले. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकेक फळी खाचेत उतरवायची, पायानं दाबायची, मध्ये माती आणि गवत ठासायचं. ते नेहमीसारखंच नीट करत होते. एकही फट त्यांनी ठेवली नाही. वरच्या अंगानं शिट्टी ऐकू आली, एकदा, मग पुन्हा. मामांनी मान वर केली नाही, मीही केली नाही. साडेचारच्या गाडीनं मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा पाणी करंजाच्या मुळ्यांवर चढलेलं होतं. मामा पलीकडच्या काठावर बसले होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"दोन न्हेली तिनं मानगुटीला धरून," ते म्हणाले. "दोन ऱ्हायली."

"मामा," मी म्हणालो.

"च्या घेता न्हवं?" म्हणत ते उठले आणि चौकीत जाऊन स्टोव्ह पेटवू लागले. तो चहा मी प्यायलो.

दहा दिवसांनी त्यांना मस्टरवरून कमी केल्याचा हुकूम आला. तो मीच वाचून दाखवला, या वेळी अक्षरन् अक्षर. त्यांनी चौकीची किल्ली, फावडं, दोन पाट्या मोजून माझ्या ताब्यात दिल्या आणि बायकोच्या माहेरी, शाहूवाडीच्या वरच्या अंगाला निघून गेले. माझी नोकरी पुढच्या वर्षी पक्की झाली. नंतर माझी बदली नेसरीकडं झाली, बढती झाली, मुलगा शाळेत जाऊ लागला. मी दर दिवाळीला ठरवायचो की या सुट्टीत मामांकडं जायचं. दर दिवाळीला काहीतरी निघायचं. त्यात माझाही हातभार असायचा.

नऊ वर्षांनी गेलो. एस.टी.त बसून मी वाक्य जुळवत होतो. 'मामा, चूक माझी होती आणि मी ती तुमच्या नावावर लिहिली.' गाव येईपर्यंत ते पाठ झालं.

घर सापडलं. दारात त्यांची बायको भात पाखडत होती. मी कोण ते सांगितल्यावर ती हातातलं सूप टाकून उठली. "बंधाऱ्यावरचं सायेब? या, या की. आवो, ह्येनी आसते तर..." मामा जाऊन आठ महिने झाले होते. कावीळ झाली आणि पंधरवड्यात आटोपलं.

तिनं मला न जेवता सोडायचं नाही असं ठरवूनच टाकलं. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. ती चुलीपुढून बोलत होती. "लई नाव काढायचे तुमचं. सायेबांनी माज्यासाठी चांगलं लिवल्यालं, पर वरच्यांनी आयकलं न्हाय, म्हनायचे. ज्यो यील त्येला सांगायचे."

मी जेवत राहिलो.

मग ती उठली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक पुडकं काढून आणलं. खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती कार्बनची प्रत. निळी अक्षरं जरा पसरली होती, खाली अंगठा. "शेजारचा मास्तर वाचतो म्हनला हुता, तर ह्येनी दिला न्हाय. सायेबाचा कागूद हाय, ऱ्हाऊ दे, म्हनले. मला कळलंच न्हाय काय लिवलंय त्ये. आता आलायसा तर वाचून दावा की."

मामांना खरंच तो कागद जपायचा होता, की कुणाकडून तरी त्यांनी तो वाचून घेतला होता आणि मग दडवून ठेवला होता, हे मला आजवर उमगलेलं नाही. दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी मला त्यातून सुटका नाही.

मी कागद डाव्या हातात धरला. पाठ केलेलं वाक्य आठवेना. समोर माझं वळणदार अक्षर होतं. मी वाचायला लागलो, ठरलेल्या त्या सरकारी सुरात. 'गाळा नंबर सात व आठ ओव्हरसिअर साहेबांच्या परवानगीने उघडे ठेवण्यात आले. यात चौकीदाराची काही चूक नाही. त्यांनी सात वर्षे काम चोख केले आहे. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.' खाली माझं नाव वाचलं. जिथं मामांचा अंगठा होता, तिथं बघून वाचलं.

म्हातारी मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "येवढं चांगलं लिवल्यालं असताना मग त्यास्नी काढलं कशापायी, सायेब?"

"वरून हुकूम आला होता," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती मी खाल्ली.